उघडा राहिलेला वर्ग

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आगेमागे जळगावच्या कापसाच्या जिनांचे भोंगे एकेक करून बंद पडतात. पाच-सहा महिने कानात बसलेली घरघर थांबते आणि गावाला आपला स्वतःचा आवाज ऐकू यायला लागतो. गोदामं रिकामी होतात, पत्र्यांवर आणि बाभळींवर कापसाचे पुंजके अडकून राहतात आणि दुपारी बारानंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. माझ्या शाळेला सुट्टी लागते. ड्रिल मास्तराला सुट्टीत काय काम असणार? शिट्टी खुंटीला जाते, वेताची छडी कपाटावर जाते. अशा रिकाम्या दिवसांत माझ्या उजव्या मनगटाचं हाड ठणकायला लागतं. ते कधी मोडलेलं नाही, मुरगळलेलं नाही. सात वर्षांपूर्वी ते दुसऱ्याला लागलं होतं, एवढंच.

यंदा आखाजीपाठोपाठ, एक मेला, नवं राज्य आलं. सुट्टी असूनही आम्हा मास्तरांना झेंड्याला बोलावलं. मी खणखणीत आवाजात 'सावधान' दिलं, भाषणं झाली, पेढे वाटले. मग पोरं पेढ्यांच्या टोपलीकडे धावली, पाहुणे मोटारीत बसले आणि 'विसर्जन' म्हणायचं राहूनच गेलं. मी एकटा मैदानात उभा. माझा राग तसा नाकाच्या शेंड्यावर असतो, पण त्या दिवशी राग आला नाही. एकदम नाना आठवले. उघडायची हौस सगळ्यांना असते, मिटवायला मात्र कुणी थांबत नाही, हे त्यांनी मला फार महागात शिकवलं होतं.

नानांना गाव 'जपानी नाना' म्हणायचं. मूळचे दोंडाईच्याकडचे. पलटणीत होते, महायुद्ध संपल्यावर त्यांच्या तुकडीला जपानात पहाऱ्यावर ठेवलं होतं. दीड वर्ष ते एका जळालेल्या शहरात राहिले. तिथे एका म्हाताऱ्याकडून त्यांनी जुजुत्सू शिकून घेतलं. परत आले ते समोरचे दोन दात घालवून आणि ही विद्या घेऊन. जळगावात एका जिनावर पहारेकरी म्हणून लागले. जिन बंद पडलं की पावसाच्या आधीचे दोन महिने रोज सकाळी सहाला रिकाम्या गोदामात वर्ग घ्यायचे. आम्ही त्याला जपानी कुस्ती म्हणायचो. पोत्यांत रद्दी कापूस कोंबून त्यावर ताडपत्री ताणून बांधली होती. ती आमची गादी. नावाला गादी. पाठ आपटली की दात एकमेकांवर बसायचे आणि तोंडात रक्ताची खारट चव यायची.

मी तिथे गेलो तो माज घेऊन. यावल तालुक्यातला केळीवाल्याचा मुलगा, तालमीत घडलेला, कुस्तीच्या दोन-चार दंगलींत बक्षिसाचा नारळ घेतलेला. त्यात मास्तर. पहिल्या दिवशी मी लंगोट कसून, मांडीवर शड्डू ठोकून गादीवर उतरलो. नानांनी माझ्याकडे पाहिलं, जवळ आले आणि पुढचं मला काही कळलं नाही. छत दिसलं, मग श्वास गेला. तो परत येईपर्यंत नाना शेजारी उकिडवे बसून होते.

"आते उठ," ते म्हणाले. "बाहेर जा. अन् दारमाईन नमस्कार करीसन ये."

दारातून नमस्कार करून यायचं, ही पहिली रीत. चपला दाराबाहेर, टोकं बाहेरच्या बाजूला. मग सगळ्यांनी एका रांगेत भिंतीकडे तोंड करून बसायचं. बसताना डावा गुडघा आधी, उठताना उजवा पाय आधी. भिंतीवर काहीच नव्हतं. कुणीतरी मारुतीची तसबीर आणली, तर नाना म्हणाले, "मारुतीले घर नमस्कार करी या. आठे नही." मग या उघड्या भिंतीला नमस्कार कशाला, असं मी विचारलं. नाना म्हणाले, "आपलापहिले ज्यासनी मार खाधा त्यासले." जिंकलेल्यांना नाही, मार खाल्लेल्यांना. तालमीत असलं काही ऐकलेलं नव्हतं. मला ते जरा नेभळटच वाटलं.

त्यानंतर जोडीदाराकडे वळून बसायचं. आधी डावा तळवा जमिनीवर, मग उजवा, मग मान खाली. पण नजर त्याच्या छातीवरून हलवायची नाही. एकाने नजर खाली घातली तेव्हा नानांनी वाकलेल्या स्थितीतच त्याच्या कानाखाली अशी वाजवली की तो आडवा झाला. "नमस्कार करस तवय भी डोया त्यावर ठेव. तो तुले मारनार शे." मग एकाने म्हणायचं, "मन्हं आंग तुन्हा हवाली." दुसऱ्याने म्हणायचं, "लिधं." घेतलं. मग त्याचं अंग याच्या हवाली. मूळ जपानी शब्द काय होते, नानांनी कधी सांगितलं नाही. म्हाताऱ्याचं बोलणं त्यांना जसं समजलं तसं त्यांनी आपल्या अहिराणीत आणलं होतं. वर्गात सगळ्यांनी हीच भाषा बोलायची, आणि सगळ्यांनी एकमेकांना 'तू' म्हणायचं.

शेवटची रीत याच्या उलट. तासभर एकमेकांना आपटून, हात पिरगाळून, कोपरं बरगड्यांत घालून झालं की पुन्हा समोरासमोर बसायचं. "तुन्हं आंग तुले परत. देखी ले." लग्नाला शेजाऱ्याकडून आणलेली भांडी परत करताना म्हणतो तसं. समोरच्याने खरंच बघायचं. बोटं मिटायची, मनगट फिरवायचं, मान दोन्हीकडे वळवायची, गुडघा वाकवायचा. सगळं जागेवर असलं तर म्हणायचं, "पोचनं." काही दुखत असेल तर लाजायचं नाही. "खांदा बाकी शे," असं स्पष्ट सांगायचं. मग ज्याने दुखवलं त्यानेच तिळाचं तेल घेऊन तो खांदा चोळायचा. जोवर शेवटचा माणूस 'पोचनं' म्हणत नाही तोवर वर्ग उघडाच. एकदा एका शिंप्याचा अंगठा दुपारी बारापर्यंत पोचला नाही. बाहेर पत्रा तापून कडकड वाजत होता आणि आम्ही नऊ माणसं घामाने निथळत गुडघ्यांवर बसून होतो.

माझा जोडीदार होता सुकलाल. त्याच जिनाच्या प्रेसवरचा हमाल, धुळ्याकडचा, माझ्यापेक्षा दोनेक वर्षांनी मोठा. काटकुळा. छाती माझ्या निम्मी. पण कापसाच्या दाबलेल्या गाठी फळीवरून वर चढवताना हमालांची जी हाळी लागते, ती सुकलालची. तो एकटा ओरडायचा आणि मग आठ माणसं एका दमात जोर लावायची. मोसमात त्याची हाळी स्टेशनपर्यंत ऐकू यायची. ऊन चढलं, माणसं थकली की तो हाळीतच मुकादमाची टर उडवायचा, कुणाच्या तरी सासूला मध्ये ओढायचा आणि हमाल हसत हसत गाठ वर न्यायचे. नुसत्या ताकदीने गाठ वर जात नाही, हे त्याला माहीत होतं. म्हणूनच तो मला रोज पाडायचा.

रोज! मी अंगावर जायचो आणि तो बाजूला व्हायचा. माझाच जोर माझ्या टाळक्यावर. एका सकाळी त्याने मला अकरा वेळा पाडलं. बाराव्या वेळी माझं नाक फुटलं, ताडपत्रीवर रक्ताचे थेंब पडले आणि दारातून बघणारी माझ्या शाळेतली दोन पोरं फिसकन हसली. त्या पोरांना मी शाळा सुरू झाल्यावर भलत्याच निमित्ताने छडीने फोडलं. हे सांगताना आज मान खाली जाते, तेव्हा गेली नव्हती.

आणि शेवटी त्याच्यापुढे बसायचं. डावा तळवा, उजवा तळवा, मान खाली. सुकलाल मनापासून विचारायचा, "नाक पोचनं का?" मी म्हणायचो, "पोचनं." पोचलेलं नसायचं. पण हमालाने माझं नाक चोळावं, हे मला नको होतं. खोटं बोलायला मी तिथूनच सुरुवात केली.

मारामारीचं मला कधी वावडं नव्हतं. आमच्याकडे सगळं मारूनच व्हायचं. आबा, म्हणजे माझे वडील, बैलाला मारायचे, गड्याला मारायचे, आम्हाला मारायचे आणि मग जेवायला बसायचे. त्याला ना सुरुवात असायची ना शेवट. कधी कुठून हात येईल सांगता यायचं नाही, आणि आला तर तो कधी संपला हेही कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी पाठीवरचे वळ बघून आईच हळद लावायची. मारणाऱ्याने चोळायचं असतं, हे मी पहिल्यांदा नानांकडे पाहिलं. खरं सांगायचं तर तिथलं आपटणं मला झेपत होतं. ते चोळणं झेपत नव्हतं.

त्या वर्षी अधिक महिना होता, आखाजी उशिरा आली; तिच्या आदल्या दिवशी आबा जळगावला आले. बहीण माहेरपणाला यायची होती, तिच्यासाठी बांगड्या आणि लुगडं घ्यायला. मला शोधत थेट गोदामावर आले. वर्ग मिटत होता. मी सुकलालपुढे दोन्ही हात टेकून मान वाकवली होती आणि सुकलाल आपली बोटं मोडून बघत होता. आबांनी दारातूनच पाहिलं. बाहेर आल्यावर रस्त्यात, चार माणसांसमोर, त्यांनी माझ्या कानाखाली मारली. मी चोवीस वर्षांचा होतो.

"मास्तर झाला अन् हमालाच्या पाया पडून राह्यला तू?" ते म्हणाले. "याच्याकरता शिकवलं काय तुले?"

आबा बांगड्या घेऊन मोटारीत बसले. मी त्या दिवशी जेवलो नाही. गालावरच्या बोटांपेक्षा मला एकच गोष्ट डाचत होती: सुकलाल दारात उभा होता आणि त्याने ते पाहिलं होतं.

आखाजीच्या सकाळी गावात झोके बांधलेले होते, पोरी गाणी म्हणत होत्या, घरोघरी पितरांच्या घागरी भरल्या जात होत्या. सणाला वर्ग नको, असं दोघं-तिघं म्हणाले होते. मीच नानांना म्हटलं, घेऊ या. आम्ही बसलो. सुकलाल हात टेकून म्हणाला, "मन्हं आंग तुन्हा हवाली." मी म्हटलं, "लिधं." त्याचे डोळे माझ्या गालाकडे गेले. त्यात हसू नव्हतं. कीव असावी. मला ती हसण्यापेक्षा जास्त लागली.

त्या दिवशी मी त्याच्या अंगावर धावलो नाही. थांबलो. तो जवळ आला तसा खाली वाकलो, पाय धरले आणि तालमीतल्या जुन्या सवयीने त्याला उचलून आदळलं. तो पालथा पडला. मी पाठीवर बसलो. त्याचा डावा हात माझ्या गुडघ्याखाली अडकला. मी उजवा हात त्याच्या गळ्याखालून घातला. गळा कसा आवळायचा ते नानांनी शिकवलं होतं. दोन्ही बाजूंच्या शिरा दाबायच्या, नरड्याला हात लावायचा नाही. "नरडी मोडनी का माणूस गया," हे त्यांनी प्रत्येकाला बजावलेलं. मी मनगटाचं हाड बरोबर नरड्यावर आणलं.

वर्गात सुटकेची खूण होती ती थापेची. सहन होईना की गादीवर थाप मारायची, गादी हाताशी नसेल तर स्वतःच्या अंगावर मारायची. थाप ऐकली की त्याच क्षणी सोडायचं. सुकलालचा उजवा हात माझ्या पायाखाली अंगासरसा दाबला गेला होता, तळवा त्याच्या मांडीपर्यंतच पोचत होता. त्याने मांडीवर थाप मारली. मग दुसरी. मग तिसरी. त्याच्या गळ्यातून एक ओला आवाज येत होता. त्याच्या घामाचा वास, कापसाच्या धुळीचा वास आणि बाहेर पोरींचं गाणं, एवढं मला स्पष्ट आठवतं. नंतर माझ्या मनगटाखाली काहीतरी कट् करून दबलं.

नाना दुसऱ्या जोडीला शिकवत होते. ते वळले आणि त्यांनी मला केसांना धरून मागे खेचलं. सुकलाल कुशीवर वळला आणि त्याच्या तोंडातून फेस आणि रक्त आलं. दोघा हमालांनी त्याला हातगाडीवर घातलं आणि दवाखान्याकडे धावले. मी त्यांच्यामागे निघालो तर नानांनी मला खाली पाडलं आणि तसाच, अगदी तसाच, हात माझ्या गळ्याखाली घातला. त्यांनी आवळलं. डोळ्यांपुढे काळं झालं. मी थाप मारली. अर्धी थाप पडायच्या आत त्यांनी सोडलं.

"तुन्ही थाप माले ऐकू उनी," ते म्हणाले. "त्यानी तुले काब्र नही उनी?"

त्याची मला का नाही ऐकू आली? मी खोकत होतो. सगळे बघत होते. आणि माझ्या तोंडून निघालं, "नाना, मला वाटलं त्याने शड्डू ठोकला."

आता तालमीत वाढलेल्या माणसाला हे पटणारच. मांडीवर थाप म्हणजे आव्हान, हे आमच्या हाडात मुरलेलं. कुस्तीगीर मांडी ठोकतो ते 'ये' म्हणायला, 'सोड' म्हणायला नाही. त्या गोदामातल्या निम्म्या लोकांनी मान हलवली. असं होऊ शकतं, म्हणाले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मान हलवली. पोलीस आला, त्यानेही स्वतःच्या मांडीवर थाप मारून बघितली, हसला आणि 'खेळताना इजा' असं लिहून गेला. आबांनाही कळलं. पुढच्या खेपेला केळीचा एक घड जास्त घेऊन आले.

दवाखान्यात सुकलालची बायको बाकावर बसून होती. मी घाबरत गेलो. तिने मला ओळखलं नाही. मी धापा टाकत होतो, सदऱ्यावर रक्त होतं. ती उठली, लोट्यातून पाणी दिलं आणि म्हणाली, "भाऊ, तुमी त्याले आनं म्हनीसन तो वाचना." मी आणल्यामुळे तो वाचला, असं तिला वाटत होतं. मी ते पाणी प्यायलो. आणणारे दुसरेच आहेत, एवढंही मला सांगता आलं नाही.

सुकलाल वाचला. पण त्याचा आवाज गेला. उरला तो एक खरखरता श्वास, शेजारी बसलेल्यालाच ऐकू येईल असा. पुढच्या मोसमात जिन सुरू झालं आणि हाळी दुसऱ्याच कुणाची तरी आली. पातळ, बेसूर. शाळेच्या मैदानावर ती ऐकू आली तेव्हा मी शिट्टी तोंडात धरून उभा होतो. ती वाजवायचं विसरलो.

नानांनी त्यानंतर वर्ग भरवला नाही. तिसऱ्या दिवशी मी गेलो तर ते ताडपत्री सोडत होते. मी म्हटलं, नाना, खेळ आहे, कधी होतं असं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. "त्या गाववर इमान उनात," ते म्हणाले. "बठ्ठं जयी गयं. लोके आंग देखत फिरेत, कोन्हं कोठे शे." विमानं आली, सगळं जळून गेलं, माणसं आपापल्या माणसांची अंगं शोधत फिरली. म्हाताऱ्याने त्यांना सांगितलं होतं की मारणं सगळ्या जगाला येतं, परत करणं कुणाला येत नाही. म्हणून त्याने नानांना आधी मिटवायची रीत शिकवली आणि आपटायचं नंतर.

ताडपत्रीची घडी घालून झाल्यावर नाना म्हणाले, "वर्ग उघडा शे, मास्तर. तू मिटाव."

पुढची साडेसहा वर्षं ते भेटले की एवढंच म्हणायचे. बाजारात, स्टेशनवर, एकदा तर वरातीत बँडच्या गोंगाटात. वर्ग उघडा शे. मला संताप यायचा. मी रस्ता बदलायला लागलो. सुकलाल दिसला तरी बदलायचो. उन्हाळ्यातसुद्धा त्याच्या गळ्याभोवती उपरणं असायचं. शाळेत माझी छडी जास्तच चालायला लागली होती, आणि मला कळत होतं की का चालते. जे मिटलेलं नसतं ते असंच कुठूनही बाहेर येतं. आबांचं मारणंही असंच कुठलं तरी न मिटलेलं असेल, असं हल्ली वाटतं. ते विचारायचं धाडस मला झालं नाही.

या पौषात नाना गेले. शेवटच्या दिवशी मी त्यांच्या पायाशी बसलो तेव्हा त्यांनी 'वर्ग उघडा शे' म्हटलं नाही. मला तेवढ्यानेच जास्त झालं.

झेंड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी जिनावर गेलो. मोसमाच्या शेवटच्या गाठी फळीवरून मालमोटारीत चढत होत्या. हाळी नव्हती. मला नवल वाटलं. जवळ गेलो तेव्हा कळलं. गाठीच्या बाजूला सुकलाल उभा होता आणि तळव्याने गाठीवर थाप मारत होता. एक थाप पडली की आठ माणसं जोर लावत होती. दोन थापा पडल्या की सोडत होती. ती बेसूर हाळी कुणाला आवडली नव्हती म्हणे, म्हणून यंदा मोसमाच्या शेवटी त्यांनी सुकलालला फळीवर परत आणलं होतं, आवाजाशिवाय.

त्याने मला पाहिलं. "या मास्तर," तो म्हणाला. ऐकायला मला आणखी जवळ जावं लागलं.

मी चपला काढल्या. जमीन आत्ताच तापायला लागली होती. डावा गुडघा टेकला, मग उजवा. डावा तळवा, मग उजवा. हमाल थांबले. कुणीतरी हसलं. मी नजर सुकलालच्या छातीवर ठेवली.

"शड्डू नव्हता," मी म्हटलं. "ती थाप होती. मला कळलं होतं. पहिलीच कळली होती."

सुकलालने गाठीवरचा हात काढला. मग तोही डावा गुडघा टेकून खाली बसला.

"माले माहीत शे," तो म्हणाला. "पहिली थाप पडनी तवय तुन्हा हात ढिला व्हयना व्हता. मंग पुन्हा घट्ट व्हयना."

पहिल्या थापेला सैल झालेला हात मी पुन्हा आवळला होता; इतकी वर्षं मी जे लपवलं होतं ते त्याच्या गळ्यालाच ठाऊक होतं. पोलिसाला नाही, डॉक्टरला नाही, आबांना नाही. आणि तो गप्प राहिला होता. का, ते मी विचारलं नाही. विचारायचा मला हक्क नाही. मला रडू आलं, आणि ते मी आवरलं नाही.

"तुन्हं आंग तुले परत," मी म्हटलं. माझी अहिराणी यावलकडच्या माणसाची, मोडकीतोडकी. "देखी ले."

त्याने खरंच बघितलं. बोटं मिटली. मनगटं फिरवली. मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. "हात पोचनात," तो म्हणाला. "पाय पोचनात." मग उपरण्यावर हात ठेवला. "आवाज बाकी शे."

रीत अशी की जे बाकी असेल ते चोळून चोळून परत द्यायचं. गळ्यातला आवाज कसा चोळणार? मी तसाच बसून राहिलो. सुकलाल उठला, आधी उजवा पाय, आणि त्याने गाठीकडे बोट दाखवलं. "चाल, लाग." मघाशी 'या मास्तर' म्हणणारा आता मला 'तू' म्हणत होता. वर्ग चालू होता.

मी खांदा लावला. थाप पडली, जोर लावला. पुन्हा थाप, पुन्हा जोर. गाठ फळीच्या टोकाला आली तेव्हा माझ्या अंगात तो जुना जोर उसळला, आणखी एक रेटा द्यायचा, काय होतं. दोन थापा पडल्या. मी सोडलं.

आज नववा दिवस. खांद्याचं कातडं सोललं आहे, शाळा उघडायला अजून वेळ आहे. काम संपलं की आम्ही गाठींच्या सावलीत समोरासमोर बसतो. बाकीचे हमाल आता हसत नाहीत, विडी विझवून थांबतात. मी म्हणतो, तुन्हं आंग तुले परत. सुकलाल रोज पहिल्यापासून सगळं बघतो, बोटं, मनगटं, मान, आणि शेवटी गळ्यावर हात ठेवतो.

"आवाज बाकी शे," तो म्हणतो.

मी दोन्ही तळवे जमिनीवर टेकतो आणि म्हणतो, "लिधं."